बादलीतले कडू कंद

डोंगरातला कडू कंद वाहत्या पाण्यात ठेवायचा असतो. काप करायचे, राख घालून उकडायचे, टोपलीत भरून ओढ्यात दगडाखाली दाबायचे आणि पाणी त्यातलं विष वाहून नेईपर्यंत गप्प बसायचं. आता नवीन पनवेलमध्ये तिसऱ्या मजल्यावर, जिथे पाणी सकाळी तासभर येतं आणि थंडी सरली की टँकरवाल्याच्या मर्जीवर येतं, तिथे मी ओढा कुठून आणू? मी आपली निळी प्लास्टिकची बादली घेतली, काप त्यात टाकले आणि नळाला धार असेल तेव्हा पाणी बदलत राहिले. त्या बादलीतले काप महाशिवरात्रीच्या दिवशी माझ्या सासूबाईंनी खाल्ले. त्या जगतात की जातात या घोरात मी तो दिवस काढला, त्याबद्दल हे लिहिते आहे.

मी लेखिका. प्राण्यांवर लिहिते. घोरपड, मुंगूस, साळिंदर अशी मुलांसाठी पुस्तकं लिहिता लिहिता माझी गाडी माणसावर आली, म्हणजे शेती शिकायच्या आधीच्या माणसावर. शिकार करायची, कंद उकरायचे, मध काढायचा आणि पुढच्या डोंगराकडे चालू लागायचं, अशा एका टोळीची गोष्ट मी त्या वर्षी लिहीत होते. त्यातली मुलगी साळिंदराच्या मागावर जाते, ते काय उकरतं ते बघते आणि तोच कंद घरी आणते. पण साळिंदराला चालतं ते माणसाला चालेलच असं नाही. मग टोळी तो कंद कसा खाते? त्या एका पानावर मी महिनाभर अडकून पडले होते.

अडकण्याचं कारण माझी खोड. जे लिहायचं ते आधी करून बघायचं. गारगोटीच्या पात्याने कोंबडी कापून बघितली, अर्धा दिवस गेला. गच्चीवर काडीवर काडी घासून विस्तव काढायला गेले तर तळहाताला फोड आले आणि वॉचमन धावत वर आला, त्याला वाटलं मी स्वतःला पेटवून घेतेय. खायच्या गोष्टींचंही तसंच. रानातलं काही आणलं की नवरा आणि लेक बाहेर असताना, सासूबाई आत पडल्या की दुपारी एकटीने चाखायचं आणि कसं लागलं ते लिहून मोकळं व्हायचं. घरच्यांच्या जिवाशी खेळ नको एवढी अक्कल मला होती.

सासूबाईंना हे सगळं नसते उद्योग वाटायचे. त्या उरणकडच्या मिठागरवाल्या घरातल्या, हाताला काम असलं की माणूस शहाणा राहतो या मताच्या. मी डोंबिवलीची, त्यात लिहिणारी, म्हणजे आधीच संशयित. शेजारणीला त्या माझ्यासमोर सांगायच्या, “लोकांच्या सुना लोनची घालतात, आमची उंदराच्या बिलात डोका घालते.” मीही ऐकून घेणारी नव्हते. एकदा म्हटलं, “आई, उंदराच्या बिळात निदान कुणी टोमणे मारत नाही.” त्या दोन दिवस बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी माझ्या आवडीची सुक्या जवळ्याची चटणी करून ठेवली. आमचं असंच चालायचं. नवरा तळोज्याच्या कारखान्यात, लेक दहावीला, आणि घरात दिवसभर आम्ही दोघी.

कंद मला मिळाले ते कोन गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कातकरी वाडीतल्या एका बाईकडून. ती पनवेलच्या बाजारात रानभाज्या, चिंबोऱ्या, शिवरात्र जवळ आली की उपासाला चालणारे गोडे करांदे, असे कंद घेऊन बसायची. माझी तिची ओळख जुनी. मी तिला विचारून विचारून भंडावून सोडायचे आणि ती गिऱ्हाईक करता करता उत्तरं द्यायची. कडू कंदाचं विचारलं तेव्हा ती आधी हसली. मग राखेचं आणि वाहत्या पाण्याचं सांगितलं, आणि पुढच्या खेपेला फडक्यात बांधून चार कंद घेऊन आली. “लई कडू हाय बाई,” एवढं मात्र बजावून म्हणाली.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी काप बादलीत होते. शिवरात्रीच्या सकाळी मी ते परत एकदा उकडले, ताटलीत काढले, त्यावर जाळी ठेवली आणि ओट्याच्या कोपऱ्यात सरकवून दिले. दुपारी चाखायचे असं ठरवून प्रकाशकाला पाठवायच्या पानांच्या झेरॉक्स काढायला जुन्या पनवेलमध्ये गेले. दुकानात गर्दी, देवळाकडच्या रस्त्याला रांगा, रिक्षा मिळेना. घरी पोचायला उशीरच झाला.

दार उघडंच होतं. सासूबाई मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, एक हात भिंतीला, पदर ओला. उलटी झाली होती. मला बघून म्हणाल्या, “घसा जलतंय. घर फिरतंय माझ्याभोवती.” मी ओट्याकडे बघितलं. जाळी बाजूला होती आणि ताटलीत मूठभर काप कमी होते.

मी विचारलं, “आई, तुम्ही हे खाल्लं?” त्यांनी मान हलवली. “उपासाचे करांदे वाटले,” म्हणाल्या. “कडू व्हते. म्हंटला कडू हाय म्हंजे साखरेला बरा.” त्यांना मधुमेह होता. रोज सकाळी नाक न मुरडता कारल्याचा रस पिणारी बाई ती. आमच्याकडे कडू म्हणजे औषध, आणि उपासाच्या दिवशी ओट्यावर उकडलेला कंद दिसला तर तो उपासाचाच. यात कुणाला काही शंका यायचं कारणच नव्हतं. मी खाली जाऊन रिक्षा आणली, शेजारणीच्या मदतीने त्यांना जिन्यावरून उतरवलं आणि उरलेले काप डब्यात भरून बरोबर घेतले.

दवाखाना गावातला, जुना, खालच्या मजल्यावर औषधांचं दुकान असलेला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी डोळे बघितले, नाडी बघितली, सलाईन लावायला सांगितलं आणि माझ्याकडे वळले. “काय खाल्लंय?” मी डबा उघडून दाखवला. त्यांनी एक काप चिमटीत धरून उजेडात बघितला. “तुम्ही त्या लेखिका ना? माझ्या मुलीकडे तुमचं घोरपडीचं पुस्तक आहे. मग तुम्हीच सांगा, यात काय असतं?”

मी वाचलेलं सगळं सांगितलं. घशाची आग, चक्कर, गुंगी, जास्त झालं तर झटके. बोलता बोलता माझाच आवाज मला परका वाटायला लागला, कारण हे सगळं मी त्या गोष्टीतल्या एका पात्रासाठी वाचून ठेवलं होतं. डॉक्टरांनी मुंबईला कुणाला तरी फोन केला, बराच वेळ नुसतं हं हं म्हणत राहिले. मग मला म्हणाले, “याला असा ठरावीक उतारा नाही. आपण लक्ष ठेवू. त्यात वय आणि साखर. किती विष उरलं होतं ते कळलं असतं तर बरं झालं असतं. हे नेहमी करणारं कुणी ओळखीचं आहे का?”

तेवढ्यात नवरा पोचला. कारखान्याचा निळा शर्ट तसाच, घामाने पाठीला चिकटलेला. त्याने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, “घरात ठेवलंसच कशाला ते?” आणि आईच्या पायाशी बसला. मी येते म्हणाले आणि बाहेर पडून रिक्षावाल्याला कोनच्या पुढे चल म्हणून सांगितलं.

वाटेत एक्सप्रेसवेच्या गाड्या सुसाट जात होत्या आणि आमची रिक्षा जागच्या जागी असल्यासारखी वाटत होती. मी डोक्यात नुसते हिशेब मांडत होते. पाणी किती वेळा बदललं, राख पुरेशी होती का, दुसऱ्यांदा उकडताना झाकण ठेवलं होतं की नाही. एका प्रश्नाचं उत्तर सापडलं की दुसरा पुढे यायचा. वाडीतल्या त्या बाईकडे उत्तर असेल एवढीच आशा होती. वाडीवर मोबाइलला रेंज नव्हती, नाहीतर मी वाटेतच फोन लावला असता.

ती बाजारातून नुकतीच परतली होती. करांदे सगळे खपले होते, त्यामुळे खुशीत होती. चुलीवर भाताचं पातेलं होतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी विचारलं, “तुम्ही लोक किती वेळ ठेवता पाण्यात? खाऊन कुणाला असं होतं का? झालं तर काय देता?”

“मला काय म्हाईत बाई,” ती म्हणाली.

“म्हणजे काय? तुम्हीच सांगितलं होतं ना, राख घालायची, ओढ्यात ठेवायचं.”

“ते आयकलेलं सांगितलं. माझी सासू करायची. ती मेली, तिच्यासंगट ते गेलं. आमी रेशनचा तांदूळ खातो. कडू आता कोन खातो? तुमी इचारलंत, म्हनून सांगितलं. तुमी मागितलंत, म्हनून खनून आनलं.”

राग कुणावर काढायचा? तिने कधीच म्हटलं नव्हतं की ती हे खाते. मी मनाने ठरवून टाकलं होतं की कातकरी वाडीतली बाई म्हणजे तिला हे येणारच. माझ्या टोळीचं सगळं जेवणखाण मी त्या ऐकीव गोष्टीवर उभं केलं होतं, आणि आता त्याच गोष्टीवर एका जिवंत बाईचा जीव टांगला होता. मी तिच्या ओट्यावर बसले, तिने पाणी दिलं.

“पोलीस येतील का?” तिने हळूच विचारलं. “माझ्यावर येनार नाय ना?” मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नसावं, कारण तिने परत विचारलं, आणि मी परत नाही म्हटलं. मला तिची दयाही आली आणि तिने आत्ता हे विचारावं याचा संतापही आला. निघताना ती रिक्षापर्यंत आली आणि म्हणाली, “सासू एक म्हनायची. उलटी झाली तर मानूस वाचतो.”

“नक्की म्हणायची?”

“म्हनायची असंल,” ती म्हणाली.

तेवढंच घेऊन मी परत आले. खरं सांगायचं तर परतीच्या वाटेवर मी तेच घोकत होते. उलटी झाली, उलटी झाली. किती झाली होती, सगळं बाहेर पडलं असेल का, मोरीत पाणी टाकायच्या आधी मी नीट बघायला हवं होतं. डोळ्यांसमोर सारखी ती मोरी येत होती.

दवाखान्यात गेले तर सासूबाई गुंगीत होत्या. हाक मारली की डोळे उघडायच्या आणि परत मिटायच्या. एकदा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “खाडीचा पानी घेतला का आत? मीठ धरायचा हाय.” त्यांचं मिठागर बंद पडून जमाना झाला होता, जमीन गेली होती, तिथे आता कंटेनरचे ट्रक उभे राहतात. नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हटलं, “घेतलं, आई. सगळं घेतलं.” त्यांचा हात गार होता.

समोरच्या गल्लीत देवळाचा लाउडस्पीकर अखंड चालू होता. मी देवाधर्माची नाही. सासूबाईंशी यावरून माझे किती वाद झालेत ते मोजता येणार नाही. पण त्या संध्याकाळी मी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून, लाउडस्पीकरच्या त्या आवाजात, ओठ न हलवता, म्हणत होते की हिला सोड, पुस्तक घे, पाहिजे तर मी पुन्हा एक ओळ लिहिणार नाही. लेकीचा फोन आला. दहावीचा पेपर चार दिवसांवर होता. आजी कशी आहे विचारलं तर मी बरी आहे म्हणून खोटं बोलले, आणि तिने ते ओळखलं. ती म्हणाली, “मग तुझा आवाज असा का येतोय?” मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

रात्र कशी गेली ते विचारू नका. पहाटे सासूबाईंनी स्वतःहून डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर “माझा उपास मोडला का?” नवरा हसला आणि हसता हसताच डोळे पुसायला लागला. डॉक्टर सकाळी आले, तपासलं, म्हणाले, “धोका टळला असं म्हणायला हरकत नाही. आज ठेवू, उद्या घरी न्या.” जाताना त्यांनी सासूबाईंना दम दिला. “आजी, कडू असलं म्हणून काहीही खायचं नाही हां.” त्यांनी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. नवरा चहा आणायला खाली गेला.

खोलीत आम्ही दोघीच उरलो, आणि एवढा वेळ कोंडून ठेवलेला माझा राग उसळून आला. बरी झालेल्या माणसावरच आपण ओरडतो, तसं झालं. मी म्हटलं, “आई, तुम्ही आयुष्यभर उपास केलेत. करांदे तुम्हाला कळत नाहीत? गोडा कोणता, रानटी कोणता, तुम्हाला कळत नाही? आणि मी उपासाचे करांदे कधी बादलीत भिजवत ठेवते का?”

“कलतंय ना,” त्या म्हणाल्या. “न कलायला काय झाला.”

“मग?”

त्यांनी सलाईनच्या बाटलीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. “दुपारची तू खानार व्हतीस.”

मला कळेना. मी म्हटलं, “हो, मी खाणार होते. एक तुकडा. मग?”

“मग काय? म्हंटला आपन आदी बघावा. मना काय झाला तर तू खानार नायस.” जणू भाजीत मीठ किती पडलंय ते बघितलं, अशा आवाजात त्या बोलत होत्या. “डाक्टरला नको सांगू. त्याला उपासाचा सांगितलाय तोच बरा हाय. नायतर तुला येरी म्हनेल, डोका फिरलेली.”

“आई, तुम्हाला काही झालं असतं तर?”

“आनि तुला झाला असता तर? पोरीची धावी हाय. तिचा डबा कोन करनार, मी? माझे गुडगे बघितलेस?”

मग एक विचार मनात आला आणि तो विचारायची मला भीती वाटली. पण विचारलं. “याआधीही कधी असं केलंत?”

त्यांनी पांघरुणाची सुरकुती सरळ केली, परत केली.

“आई.”

“दर टायमाला,” त्या म्हणाल्या. “तू पोरीला शालेत सोरायला जायचीस ना, तवा.”

माझ्या पहिल्या पुस्तकापासून मी त्या घरात काय काय आणलं होतं. रानातली अळंबी, नाव न कळलेल्या शेंगा, कसल्या कसल्या बिया, पाला. आणि दर वेळी दुपारी एकटीने ताटली पुढे घेऊन बसताना मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं की बघा, लिहिण्यासाठी मी जीव पणाला लावते. मी चाखायच्या आधी ती ताटली कुणीतरी चाखून, जाळी होती तशी ठेवून, स्वतःला काही होतं का याची वाट बघत आतल्या खोलीत पडलेलं असायचं. त्या दुपारी पडून असायच्या हे मला माहीत होतं. मला वाटायचं गुडघे दुखतात.

“ती अळंबी पण?” मी विचारलं.

“ती बेस व्हती,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या पलंगाच्या कडेवर डोकं टेकलं आणि रडले. इतकी रडले की हुंदका आवरेना. त्यांनी सुई नसलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला, थोडा वेळ ठेवला, मग हलकेच ढकलल्यासारखं केलं.

“उठ,” त्या म्हणाल्या. “तो चाय घेऊन येतंय. त्याला यातला काय सांगू नको.”